निवाडा सापडला नाही, तर तो नाहीच असं धरा

प्रश्न : ठाणे जिल्हा न्यायालयात सत्तावीस वर्षं वकिली करतो. चेक परत गेल्याच्या फिर्यादी, लिव्ह-लायसन्सचे वाद, सोसायट्यांची कामं आणि शहापूर-मुरबाडकडचे जमिनीचे दावे असा व्याप आहे. चेंबरमधली एक ज्युनिअर मुलगी हल्ली मसुदे एआयवर करते. दोन दिवसांचं काम दुपारपर्यंत टेबलावर येतं. मागच्या महिन्यात तिने १३८ च्या (चेक न वटल्याच्या) केसमध्ये फिर्यादीतर्फे लेखी युक्तिवाद आणला. चेक ‘तारणाचा होता’, म्हणजे देणं फेडायला नव्हे तर नुसता हमी म्हणून दिला होता, असा आरोपीचा बचाव. सहा निवाडे लावले होते. आदल्या संध्याकाळी शोधायला बसलो तर दोन कुठेच नाहीत, आणि तिसरा, इंडस एअरवेज, खरा पण आरोपीच्या कामाचा. दाखल करण्याआधी कळलं म्हणून निभावलं. तिला बरंच बोललो आणि चेंबरमध्ये एआय बंद केलं. पण समोरचे वकील वापरतात. पक्षकारही एआयचं उत्तर व्हॉट्सॲपवर पाठवून ‘साहेब, हेच टाका’ म्हणतात. बंदी ठेवू की शिकून घेऊ? पक्षकाराचे कागद त्यात टाकले तर चालतं का?
— एक वकील, ठाणे

उत्तर : वकीलसाहेब, बंदी उठवा. बंदीने वापर थांबत नाही, तो टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून खिशातल्या मोबाइलवर जातो. मग कुठला परिच्छेद ज्युनिअरने लिहिला आणि कुठला यंत्राने, हे तुम्हाला कळायचा मार्गच राहत नाही. आज ती मुलगी उघडपणे सांगते आहे, ते सांगणं बंद होऊ देऊ नका.

तिच्या चुकीकडे जरा वेगळ्या बाजूने पाहा. तुम्ही ज्युनिअर होतात तेव्हा निवाडा शोधायचा म्हणजे बार लायब्ररीत जाऊन खंड काढायचा, पान उघडायचं, परिच्छेद उतरवून घ्यायचा. पुस्तक हातात आलं याचा अर्थच निवाडा अस्तित्वात आहे. पडताळणी शोधण्याच्या पोटात होती, ती वेगळी कुणी करत नव्हतं. एआयने शोधणं काढून घेतलं आणि त्याच्याबरोबर पडताळणीही गेली. आता ते स्वतंत्र काम आहे. त्याला वेळ द्यावा लागतो, आणि ते कुणी केलं त्याचं नाव फाइलवर लागतं. तुमच्या चेंबरमध्ये ही पायरी कुणी घातलेलीच नव्हती, म्हणून एकट्या तिच्यावर दोष टाकणं बरोबर नाही.

यंत्र खोटे निवाडे का देतं हे तिला समजावून सांगा. चॅटजीपीटीसारखी साधनं मुळात एका शब्दानंतर कुठला शब्द येण्याचा संभव जास्त, या हिशेबाने वाक्य बांधतात. निवाड्याच्या संदर्भाला ठरलेला साचा असतो : दोन पक्षकार, वर्ष, खंड, एससीसी (सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे छापणारी मालिका), पान. तो साचा भरणं यंत्राला अगदी सोपं जातं. शिवाय ‘तारणाच्या चेकवर फिर्यादीच्या बाजूने सहा निवाडे दे’ असं मागितलं आणि हाताशी चारच असले, तर उरलेले दोन ते रचून देण्याची शक्यता मोठी. नेटवर शोधून उत्तर देणारी साधनं यात बरीच बरी आहेत, पण तीही निवाड्याऐवजी कुणाच्या तरी लेखातला सारांश उचलतात. आणि ‘हा निवाडा खरा आहे ना?’ असं यंत्रालाच विचारण्यात काही अर्थ नाही. न्यूयॉर्कच्या माता विरुद्ध एव्हिआंका या २०२३ च्या प्रकरणात वकिलाने नेमकं तेच केलं होतं. खरा आहे, असं उत्तर मिळालं आणि बनावट निवाडे कोर्टात गेले. वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलर दंड झाला. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर विभागाचा एक करआकारणी आदेश रद्द केला. त्या आदेशात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते.

तुमच्या सहापैकी दोन निवाडे मिळालेच नाहीत, ही चूक पकडायला सोपी. त्याहून अवघड चूक म्हणजे निवाडा खरा असतो, पण त्यात तसं म्हटलेलं नसतं. उच्च न्यायालयाच्या निवाड्यात आधी दोन्ही वकिलांचे युक्तिवाद सविस्तर नोंदवलेले असतात. यंत्र त्यातलं एखादं चमकदार वाक्य उचलतं आणि न्यायालयाचं मत म्हणून मांडतं. म्हणून परिच्छेद उघडला की आधी बोलतंय कोण ते पाहायचं. आधीचे दोन आणि नंतरचे दोन परिच्छेद वाचल्याशिवाय ते कळत नाही.

सगळ्यात घातक तिसरी. निवाडा खरा, म्हणणंही खरं, पण कायदा पुढे गेलेला. तुमच्याच क्षेत्रातला दशरथ रूपसिंग राठोड, (२०१४) ९ एससीसी १२९ घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींचं पीठ, गाजलेला निवाडा, यंत्राच्या ओळखीचा. त्याप्रमाणे चेक ज्या बँकेवर काढला ती शाखा असेल तिथे फिर्याद. पण २०१५ च्या दुरुस्तीने कलम १४२(२) आलं, आणि खात्यामार्फत वसुलीला टाकलेल्या चेकसाठी आता घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत, तिथलं न्यायालय. घोडबंदर रोडच्या शाखेत खातं असलेल्या तुमच्या पक्षकाराला पुण्याच्या खात्यावरचा चेक मिळाला असेल, तर राठोडवर विसंबून केलेला मसुदा त्याला पुण्याला पाठवेल. तिथे फिर्याद परत होईल आणि तोवर मुदतीचा प्रश्न उभा राहील. यात खोटं काहीच नव्हतं, फक्त पुढचं पान उलटलेलं नव्हतं.

आता पडताळणी कशी करायची. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआरवर फुकट मिळतात, उच्च न्यायालयांचे ई-कोर्ट्सच्या निवाड्यांच्या पोर्टलवर आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या स्वतःच्या साइटवर. २०२३ पासूनच्या निवाड्यांना न्यूट्रल सायटेशन, म्हणजे न्यायालयाने स्वतः दिलेला क्रमांक, आहे. सर्वोच्च न्यायालयाचं ‘आयएनएससी’चं आणि मुंबईच्या अपील शाखेचं ‘बीएचसी-एएस’चं, दोन्ही पीडीएफच्या पानावरच छापलेली असतात. पीडीएफ उघडून पक्षकारांची नावं, तारीख, पीठ, क्रमांक आणि परिच्छेद या पाच गोष्टी जुळवायच्या. मग हा निवाडा पुढे कुणी बदलला का, वेगळा ठरवला का, मधे कायद्यात दुरुस्ती झाली का, ते पाहायचं. एका निवाड्याला पंधरा-वीस मिनिटं धरा, सहांना दोन तास. मसुद्यात वाचलेला वेळ इथे लागणार, आणि तो लागू द्या. फाइलमध्ये वकीलपत्राच्या मागे एक पडताळणीचं पान ठेवा : निवाडा, कुठे उघडला, कुठला परिच्छेद स्वतः वाचला, पुढचा इतिहास, तारीख, सही. पाच मिनिटांत सापडला नाही तर तो निवाडा नाही असं समजून खोडायचा. ‘नंतर शोधू’ हा शेरा त्या पानावर चालणार नाही.

एवढं करूनही खोटा निवाडा दाखल झालाच, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. पुरसिस (न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन) देऊन तो मागे घ्या आणि कारण सरळ लिहा. दुसऱ्या बाजूने दाखवून दिल्यावर मागे घेणं आणि स्वतः सांगणं, यांत न्यायालयाच्या नजरेत फार फरक पडतो.

मुदतीचा हिशेब यंत्राकडे देऊ नका. कॅलेंडर समोर ठेवून हाताने करा. समजा बँकेने चेक परत केल्याचं पक्षकाराला १२ ऑगस्टला कळलं. तो दिवस सोडला की नोटीस पाठवायच्या तीस दिवसांचा शेवटचा दिवस ११ सप्टेंबर. नोटीस आरोपीला २० सप्टेंबरला मिळाली, तर पैसे द्यायचे पंधरा दिवस ५ ऑक्टोबर संपेपर्यंत. वादकारण, म्हणजे फिर्यादीचा हक्क, ६ ऑक्टोबरला. तोही दिवस सोडायचा, आणि एक महिना म्हणजे ६ नोव्हेंबरपर्यंत फिर्याद. सर्वोच्च न्यायालयाच्या साकेत इंडिया (१९९९) मध्ये असाच हिशेब झाला आणि इकॉन अँट्रीमध्ये तो कायम राहिला. यंत्र इथे ठरावीक ठिकाणी घसरतं : नोटीस मिळाल्याऐवजी टपालात टाकल्याच्या तारखेपासून मोजतं, महिन्याचे तीस दिवस करतं, पहिला दिवस धरून चालतं. यातली पहिली चूक उलट्या बाजूने मारते. पंधरा दिवस पुरे होण्याआधी दाखल केलेली फिर्याद टिकत नाही, हे योगेंद्र प्रताप सिंग (२०१४) मध्ये ठरलेलं आहे. म्हणजे लवकर गेलात म्हणून सुरक्षित, असं नाही.

फौजदारी मसुद्यात आणखी एक खड्डा. १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता आल्या, पण यंत्राने वाचलेला बहुतेक मजकूर जुन्या कायद्यांवरचा. ४८२ हा आकडा पाहा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ वर. एकाच अर्जात वर ‘नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४८२’ आणि खाली अंगभूत अधिकारांचे निवाडे, असा मसुदा वाचताना चटकन खटकतही नाही. व्हॉट्सॲप चॅट दाखल करताना तेच. यंत्राने इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचा ६५-ब चा जुना नमुना दिला तर तो बाजूला ठेवा. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राला आता परिशिष्टातला भाग अ आणि भाग ब आहे, आणि हॅश व्हॅल्यू (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा असलेला क्रमांक) लिहावी लागते.

जमिनीच्या दाव्यांत सगळ्यात जास्त सावध राहा, कारण आपली महसुली मराठी यंत्राला परकी आहे. सातबारावरचं ‘कूळ’ (जमीन कसणारा) त्याला घराणं वाटू शकतं, ‘आकार’ (सारा) म्हणजे जमिनीची आकृती, ‘बोजा’ (कर्जाचा भार) म्हणजे वजन. हे निदान वाचताना कळतं. पण इतर हक्कांत ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा असतो, तिथे ‘पात्र’ म्हणजे अधीन. त्याचा अर्थ लायक असा झाला तर बंधन जाऊन हक्क मिळाल्यासारखं इंग्रजी वाक्य तयार होतं. वाक्य इतकं सुबक असतं की नजर सरळ पुढे जाते. खरं म्हणजे त्या जमिनीच्या हस्तांतरावर बंधन आहे, आणि तुमचा सगळा दावा कदाचित त्यावरच उभा असेल. नवी मुंबईत साडेबारा टक्के योजनेच्या (संपादित जमिनीच्या बदल्यात भाडेपट्ट्याने मिळालेल्या) भूखंडाचा त्रिपक्षीय करार असला, तर भाडेपट्टेदाराला ‘मालक’ केलंय का ते बघा. हस्तलिखित फेरफाराच्या स्कॅनमध्ये १ आणि ९ ची अदलाबदल होते आणि गट नंबर ४१/२ मधली तिरपी रेघ एक समजून ४११२ होतो. गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र आणि फेरफार क्रमांक हे चार आकडे मूळ कागदावर बोट ठेवून मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मसुद्यात पाहायचे. खरेदीखत तपासताना हे तुम्ही करतच आला आहात. चेंबरच्या शब्दांची एक यादीही करून ठेवा, कूळ, पोटखराबा, वहिवाट, भोगवटादार वर्ग २, नजराणा, आणि प्रत्येकापुढे तुम्हाला हवा तो इंग्रजी शब्द. प्रत्येक वेळी ती यादी कागदासोबत द्यायची. चुका बऱ्याच कमी होतात.

पक्षकाराचे कागद टाकायचे का? जसेच्या तसे, फुकटच्या खात्यात, अजिबात नाही. पक्षकाराने विश्वासाने दिलेली माहिती उघड न करण्याचं बंधन साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने तुमच्यावर घातलंय, ज्युनिअरवर आणि कारकुनावरही ते येतं. चेंबरसाठी वेगळं सशुल्क खातं घ्या, त्यात तुमचा मजकूर प्रशिक्षणासाठी वापरला जाणार नाही असं अटींमध्ये लिहिलेलं आहे का ते स्वतः वाचा, आणि तरीही नावं काढूनच टाका. नावं काढणं वाटतं तितकं सोपं नसतं. वर्डमध्ये नाव शोधून ‘फिर्यादी’, ‘आरोपी क्र. १’ असं बदललं, तरी आद्याक्षरं, इंग्रजी स्पेलिंग, शपथपत्राचा तळ आणि फाइलचं नाव राहून जातं. पीडीएफवर काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर तसाच असतो, कॉपी करून पेस्ट केला की वाचता येतो. म्हणून आधी वर्डमध्ये बदल, मग नवी पीडीएफ. आधार, पॅन, खाते क्रमांक, फ्लॅट नंबर, सही आणि फोटोची पानं बाहेरच ठेवा. लैंगिक अत्याचाराच्या किंवा पोक्सोच्या केसचा कुठलाही कागद टाकू नका. पीडितेची ओळख जपण्याबाबत न्याय संहितेचं कलम ७२ आणि पोक्सोचं कलम २३ आहेच, पण कलम नसतं तरी टाकू नये.

मग याचा उपयोग तरी कशाला? पुष्कळ कशाला. दोनशे पानांच्या सोसायटीच्या पत्रव्यवहारातून तारीखवार घटनाक्रम काढायला. सरतपास आणि उलटतपास शेजारी ठेवून विसंगती शोधायला. पक्षकाराला केसची स्थिती सोप्या मराठीत कळवायला. आणि सर्वांत चांगला उपयोग म्हणजे ‘तू आरोपीचा वकील आहेस, माझ्या युक्तिवादातलं कमकुवत काय ते सांग’ असं विचारायला. यात पद्धत एकच. कागद तुम्ही द्यायचा, आणि ‘फक्त यातूनच उत्तर दे, प्रत्येक विधानापुढे पान क्रमांक, निशाणी क्रमांक आणि मूळ ओळ लिही, सापडलं नाही तर सापडलं नाही असं लिही’ हे स्पष्ट सांगायचं. (निशाणी म्हणजे न्यायालयाने पुराव्याच्या कागदाला दिलेला क्रमांक.) मग प्रत्येक ओळ त्या पानावर जाऊन बघायची. निशाणीचे क्रमांक यंत्र हमखास गाळतं, आणि युक्तिवादात निशाणी नसलेला पुरावा न्यायाधीशांना शोधत बसावा लागतो.

पक्षकारांचे मेसेज येतच राहणार. त्यांना झिडकारू नका. काळजीपोटीच ते रात्री बसून विचारत असतात. मेसेजमधला मुद्दा कामाचा असेल तर घ्या, निवाडा असेल तर पडताळणीच्या पानावर चढवा, आणि एक गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा : वकिलाशी झालेल्या बोलण्याला १३२ चं संरक्षण आहे, ॲपला सांगितलेल्या गोष्टींना त्या कलमाचा आधार नाही. ‘मी खरं तर पैसे घेतले होते’ हे वाक्य मोबाइलमध्ये लिहून ठेवायचं नसतं.

ज्युनिअरसाठी एक क्रम घालून द्या. आधी फाइल पूर्ण वाचायची, मग एका कागदावर हाताने घटना, मुद्दे आणि आपल्याला अडचणीच्या तीन गोष्टी लिहायच्या, तो कागद तुम्हाला दाखवायचा, आणि त्यानंतरच यंत्र उघडायचं. मुद्दे आधी सुचलेले असले की यंत्राने काय सोडलं ते तिला दिसेल. उलट क्रमाने गेली तर यंत्राने सोडलेलं तिच्याकडूनही सुटेल, आणि पाच वर्षांनी तिला स्वतःच्या हिमतीवर उलटतपास घेता येणार नाही. हे नुकसान पडताळणीच्या पानावर दिसत नाही, म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते. तिला बोललात, त्याबद्दल तिच्याशी पुन्हा एकदा शांतपणे बोला.

आणि हातातली केस. इंडस एअरवेज वगळून मोकळे होऊ नका. तो समोरचे वकील आणणारच. त्या केसमध्ये मालाच्या ऑर्डरपोटी आगाऊ चेक दिले होते, ऑर्डर रद्द झाली, चेकच्या वेळी देणं अस्तित्वात नव्हतं. पुढे २०१६ मध्ये संपेल्ली सत्यनारायण राव, (२०१६) १० एससीसी ४५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो वेगळा ठरवला : कर्ज आधीच दिलेलं होतं, हप्ता देय झालेला होता, म्हणून करारात ‘तारण’ शब्द असला तरी चेक अस्तित्वातल्या देण्यापोटीच. तुमच्या फाइलमध्ये प्रश्न एवढाच उरतो की चेकवरच्या तारखेला रक्कम देय झाली होती का, आणि ते कुठल्या निशाणीवरून दिसतं. दोन्ही निवाडे तिच्या हातात द्या, पूर्ण वाचायला सांगा, आणि तुमच्या केसची तथ्यं दोन्हींशेजारी मांडून एका पानाचं टिपण तिच्याकडून मागा. हे टिपण हाताने लिहिलेलं असू द्या.